गाडीचं पाणी

तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात डाळ शिजेना.

सुतकात भावकीतून डबे येत होते, तेव्हा ते कळलं नाही. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने तुरीचं वरण लावलं. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं तर दाणा न् दाणा वेगळा, बोटाने दाबला तर आत कच्चा. वर्षाने पाण्याचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. म्हणाली, पाणी खारं लागतंय. मी म्हटलं, आपलं पाणी काय आज खारं झालं का? बाप गेला की पोरीच्या तोंडाची चव जायचीच. शेजारच्या सुभद्राकाकूंनीही मान डोलावली. खरं तर सुतकापासूनच मलाही ते पाणी घशाखाली उतरत नव्हतं, पण मला वाटलं, हे दुःखाचंच असेल.

पाण्याचं आणि डाळीचं भांडण मला नवं नाही. शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवण्यात माझी इतकी वर्षं गेली. आपला खारपाणपट्टा. हापशी मारा, विहीर उपसा, बोअर पाडा, वर येतं ते खारंच. त्या पाण्यात सोड्याची चिमूट पडल्याशिवाय डाळ मऊ होत नाही, चहात दूध फाटतं आणि भांड्याला पांढरा थर बसतो तो चिंचेनेही निघत नाही. मागच्या दिवाळीपासून मात्र आपल्या घरातलं वरण एकदम गुळगुळीत व्हायला लागलं होतं. त्याच दिवाळीत मी कुकरला नवी रिंग टाकली होती. गल्लीभर सांगत सुटले, रिंग असावी तर अशी. सुभद्राकाकूंनी तसलीच रिंग मागवली, त्यांची डाळ काही शिजेना, तर मी उलट त्यांनाच झाकण नीट बसवायला शिकवलं. तुम्ही ओसरीवर खाटेवर पडलेले होतात. मी विचारलं, वरण कसं झालं? तुम्ही म्हणालात, "रिंगच चांगली असन," आणि तोंड भिंतीकडे फिरवलंत.

भिंतीकडे फिरवलेल्या त्या तोंडाशी मला आज बोलायचं आहे. जिवंत होतात तेव्हा तुम्ही ते माझ्याकडे वळवलं नाहीत, आता वळवायला लागेल.

जीप लिंबाखाली उभीच होती. भाऊजी म्हणाले, विकून टाका, उभी राहिली की गाडी सडते. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी खिचडीची भांडी घासायला निघायची, तेव्हा फाट्यावर नामदेवबुवा काठी टेकून एसटीची वाट बघताना दिसायचे. त्यांचा मुलगा दिलीप त्यांना धरून चढवायचा. मध्येच उतरायचं, दुसरी गाडी धरायची, शेगावला जाऊन डायलिसिसच्या सुया टोचून घ्यायच्या आणि तसंच धक्के खात परत यायचं. डायलिसिसवरच्याच पार्वताबाईंना तेही जमत नव्हतं. त्यांच्या खेपा चुकायला लागल्या होत्या, पायावर सूज चढली होती, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर या दोघांसाठी गादी टाकलेली होती. ती गादी तशीच होती, तिच्यावर मांजर व्यालं होतं.

तेरवी झाल्यावर चार दिवस जाऊ देऊन दिलीप आला. ओसरीच्या खाली उभा राहिला, वर बसला नाही. "काकू, गाडी द्या, मी चालवतो. नाही तं हे मानसं जातीन." एवढंच म्हणाला. शेवटच्या महिन्यांत येताना तुम्हाला ग्लानी यायची म्हणून तोच तर गाडी चालवत आणायचा, तुम्ही बाजूला बसून इंजिनाच्या गरमीच्या काट्याकडे बघत असायचात. मी किल्ली काढून दिली. तो म्हणाला, आधी रेडिएटरचं पाणी बघावं लागेल, बरेच दिवस उभी आहे. पाणी बघणं हे तुमचं काम. त्या कामाला आपल्या घरात तुमच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता.

माझं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा तुम्ही गाडीवाले नव्हतात, कपाशीवाले होतात. पुढे बीटीचं बियाणं आलं. पहिल्या वर्षांत बोंडं अशी लागली की वेचणीला बाया मिळेनात. त्या कपाशीवर तुम्ही ही जुनी जीप घेतलीत आणि मला पुढच्या सीटवर बसवून शेगावला दर्शनाला नेलंत. मग तुम्हाला आणखी हाव सुटली. पाकिटाच्या पाठीमागे लिहिलेलं होतं की ओलीत असेल तर उतारा जास्त. तुम्ही बोअर पाडला आणि ते खारं पाणी कपाशीला दिलंत. एका हंगामापुरतं शेत हिरवंगार दिसलं. पुढच्या वर्षी जमीन अशी चोपण झाली की कुदळ आपटली तर हाताला झिणझिण्या याव्यात. त्यानंतर गुलाबी अळी आली आणि राहिलेलं बोंडही आतून किडून कवडी झालं. तेव्हा तुम्ही बांधावर बसून मला म्हणाला होतात, "बियानं कोनतंबी आन, शेवटी त्याच्यात पानी आपलंच पडते." तिथून तुम्ही कपाशीचं नाव घेणं सोडलंत. शेत दुसऱ्याला बटईने दिलंत आणि जीपवर बसलात.

त्या जीपने त्या वर्षांत कोणाकोणाला दवाखान्यात नेलं ते मी इथे सांगत नाही. कधी वेळेत पोचलात, कधी नाही. घरी आल्यावर तुम्ही जेवायचा नाहीत, बॉनेट उघडून उभे राहायचात. एवढंच म्हणायचात की रस्त्यात गाडी तापून उभी राहिली नाही, हे एक बरं झालं.

म्हणून कूलंटचा तुमचा तो सोहळा, म्हणजे इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरमध्ये पाण्यासोबत घालायचं ते रसायन. आपण एकदा शेगावला गेलो होतो. दर्शन झालं, मी भाजी घेतली, आणि तुम्ही स्पेअर पार्टच्या दुकानात शिरलात ते शिरलातच. दुकानदार लाल डबा पुढे करत होता, सध्या हाच चालतो म्हणत होता. तुम्ही पिशवीतून प्लास्टिकात गुंडाळलेलं गाडीचं पुस्तक काढलंत. तुमचं रेडिएटर तांब्याचं, जुन्या पद्धतीचं, त्याला पुस्तकात लिहिलंय तेच पाहिजे. संग्रामपूरच्या रहीमभाई मिस्त्रींनी तुम्हाला पढवून ठेवलं होतं की नुसत्या रंगावर जायचं नाही, रंग काय, कंपनी कोणताही घालते. डब्याच्या मागे प्रकार कोणता लिहिलाय ते बघायचं. आत आधीचं एक असताना त्यावर दुसरं ओतायचं नाही, दोन्ही मिळून चिखल होतो आणि नळ्या बुजतात. बदलायचंच असेल तर आधी सगळं धुऊन काढायचं. तुम्ही एकेक डबा उलटा करून चष्म्याने वाचत होतात आणि माझ्या पिशवीत मेथी मान टाकत होती. मी म्हटलं, मला पाहायला आलात तेव्हा एवढा वेळ नव्हता लावला. तुम्ही डब्यावरून नजर न काढता म्हणालात, "तुह्या मागं काई लिहेल नव्हतं." दुकानदार हसला. मलाही हसू आलं, पण मी ते तुम्हाला दिसू दिलं नाही.

शेवटी तुम्ही तुमचं ते हिरवं घेतलंत, तेही घट्ट कूलंट, ज्यात निम्मं पाणी आपण घालायचं. रहीमभाई तुम्हाला नेहमी सांगायचे की तयार मिळतं ते घे, त्यात पाणी घालायची भानगड नाही, सरळ ओत आणि विसर. तुम्ही ऐकलं नाहीत. तुमचं म्हणणं, डब्यात कोणी कुठलं पाणी घातलंय ते कोणाला माहीत? चोपण झालेल्या शेताने तुम्हाला तेवढं शिकवलं होतं. पाणी मी आणीन, मी बघीन, मी घालीन. या एका गोष्टीवरून तुमचा आणि रहीमभाईंचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

आणि ते पाणी तुम्ही आणायचात शेगावहून. एका लॉजवाल्याकडे फिल्टर होतं. तुम्ही त्याच्याकडे भाविक पोचवायचात, म्हणून तो दोन कॅन भरू द्यायचा. तिसरा मागितला की तोंड वाकडं करायचा, आणि तिसरा ठेवायला गाडीत जागा तरी कुठे होती, पेशंटचे पाय आणि त्यांच्या पिशव्या. जीप जुनी, पंपापाशी थेंब थेंब गळायचं, सारखी भर घालावी लागायची. दोन्ही कॅनवर तुम्ही लाल रंगाने लिहून ठेवलंत, गाडीचं पाणी. कूलंटचा डबा माळ्यावर, फवारणीच्या औषधापासून लांब, त्याला चिंधी बांधलेली, कारण त्याचा वास गोडसर असतो आणि पोरं-जनावरं फसतात. तिथवर ठीक होतं. पण त्या कॅनमधल्या पाण्याचा घोटही कोणी घ्यायचा नाही, हे मला खुपायचं. आम्ही हापशीचं खारं प्यायचं, गाडीने शेगावचं गोडं.

ते खुपणं बाहेर पडलं ते मागच्या दिवाळीच्या आधी वर्षाला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी. तुम्हाला आठवत असणारच. सातपुड्याच्या पायथ्याकडची माणसं, गोड्या पाण्याची. मुलाच्या वडिलांनी एक घोट घेतला आणि पेला हळूच खाटेखाली सरकवला. ते मी दारातून बघितलं. या पाण्याचा चहा दिला तर दूध फाटणार आणि पोरगी हातातून जाणार, म्हणून मी ओसरीवरच्या कॅनमधून तांब्याभर काढलं. तुम्ही नेमके तेव्हाच आत आलात. पाहुण्यांसमोर म्हणालात, "ते गाडीचं पानी हाये. कोनं काढलं?" पाहुणे हसले. चहा चांगला झाला होता, दोनदा घेतला त्यांनी. पुढे त्यांचा नकार आला. कशाने आला ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण मी तो तुमच्या नावावर लिहिला.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला बोलले. तुमचा जीव गाडीत आहे, म्हटलं. आम्ही खारं पिऊन मेलो तरी चालेल, तुमचं रेडिएटर थंड राहिलं पाहिजे. तुम्ही शर्टाच्या खिशाला हात लावलात आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसलात. त्या खिशात तुमचा रिपोर्ट होता. किडन्या कामातून गेल्याचा. तो तुम्ही मला आठवड्याने दाखवलात. इतकी वर्षं ज्यांना शेगावला नेलंत त्यांच्याच रांगेत, नामदेवबुवांच्या शेजारच्या पलंगावर, तुम्ही जाऊन पडलात. गाडी तीच, वार तेच. फक्त आता तुम्हीही सवारी होतात.

डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं. दिवसभरात एवढंच, त्यावर थेंब नाही. स्टीलचा छोटा पेला तुम्ही खाटेखाली ठेवायचात. दुपारचं तुमचं तोंड कोरडं पडायचं, जीभ टाळूला चिकटायची, आणि तुम्ही एक घोट घेऊन उरलेलं झाकून ठेवायचात. मी वरणही घट्ट करायला लागले. आयुष्यभर खारं पाणी पोटभर प्यालात तेव्हा कोणी अडवलं नाही. मला त्या पेल्याचा फार राग यायचा. अजूनही येतो.

आता लिंबाखालचं सांगते. दिलीपने बॉनेट उघडलं. इंजिन गारच होतं, तरी तुम्ही शिकवलंत तसं फडकं टाकून झाकण फिरवलं. आत बघितलं. मग बोट घालून काढलं. हिरवं काही नव्हतं. गंजकट पाणी, आणि तोंडाशी पांढरा खर धरलेला, माझ्या शाळेच्या पातेल्याला धरतो तसाच. "काकू, याच्यात कूलंट नाही. हे तं आपल्या हापशीचं पानी हाये." मी म्हटलं, शक्य नाही. जगात एक वेळ काहीही होईल, पण हे नाही. मी माळ्यावरून डबा काढला. चिंधी तशीच बांधलेली. झाकणाचं सील तुटलेलं नव्हतं.

मग मी ओसरीवरचा कॅन ओढला. काठोकाठ भरलेला होता, कायम असायचा तसा. दिवाळीपासून मी येता-जाता त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. ओंजळीत थोडं घेतलं आणि तोंडात घातलं. खारं. इतकं खारं की मी ते थुंकले. ज्या पाण्यावर मी वाढले, जे मी कधी खारं म्हणून थुंकलं नाही, ते माझ्याच जिभेला सोसेना; इतके दिवस घशाखाली उतरत नव्हतं ते दुःख नव्हतं, हेच होतं. ही जीभ मधल्या काळात दुसऱ्या पाण्याला लागली होती आणि मला पत्ता नव्हता. वर्षा दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, कॅनकडे बघितलं, आणि आत जाऊन माठावर हात ठेवून उभी राहिली.

सकाळी मी माठ भरून शाळेत जायची. वर्षा कॉलेजला. घरात तुम्ही एकटे. डायलिसिसने हात काळेनिळे झालेले, दोन पावलं चाललात की धाप लागायची. तांब्या-तांब्याने तुम्ही माठातलं खारं कॅनमध्ये ओतत होतात आणि कॅनमधलं गोडं माठात. मी घरी येईपर्यंत खाटेवर पडलेले. किती वेळ लागत असेल तुम्हाला त्याला? मध्ये किती वेळा बसावं लागत असेल? आणि एवढं पाणी हाताखालून जात असताना, तहानलेल्या माणसाने त्यातला जास्तीचा एक घोटसुद्धा घेतला नसेल, हेही मला माहीत आहे. तुम्ही तसेच होतात.

दिलीपने दोरी बांधून ट्रॅक्टरने जीप संग्रामपूरला नेली. मीही गेले. रहीमभाईंनी रेडिएटर उतरवलं, नळ्या बघितल्या, हातोडीने हलकंच ठोकलं तर पांढरे पोपडे पडले. मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का? त्यांनी हात पुसले. मग म्हणाले की भास्करभाऊ दर काही दिवसांनी यायचे, पाणी बदलून, धुऊन न्यायचे, म्हणजे रस्त्यात पेशंट असताना दगा नको. कूलंट का घालत नाही विचारलं तर म्हणायचे, खाऱ्या पाण्यात कूलंट घातलं तर तेही वाया, तयारच्यावर माझा भरवसा नाही, आणि चांगलं पाणी आता दुसरीकडे लागतं. "भाभी, मी त्याले साफ सांगतलं होतं, या पान्यावर हा रेडिएटर पुढचा उन्हाळा काढत नाही. तं म्हने, रहीमभाई, मी तरी कुठं काढून राह्यलो."

हे तुम्ही त्यांना सांगितलंत. मला नाही.

त्या गॅरेजच्या बाकड्यावर बसून मी रडले नाही. मला राग आला. तुमच्या जिवाचा अंदाज तुम्ही रेडिएटरवरून बांधलात आणि तो मिस्त्रीला सांगितलात. माझ्या एवढ्या मोठ्या भांडणाला असं उत्तर देतात का? गुपचूप, माठात, जिथे मला ते दिसणार नाही. एकदा तोंडाने म्हटलं असतं की घे, तू म्हणतेस तर आजपासून हे पाणी घरात. मी काय केलं असतं ते तुम्हाला माहीत होतं म्हणा. मी म्हटलं असतं, आधी तुमचा पेला यातून भरा, मग वर्षाचा, आणि मी माझी हापशीवर जाईन. आणि मग तुमच्या गाडीचं काय म्हणून पुन्हा वाद घातला असता. तो वाद नको होता तुम्हाला. कुकरच्या रिंगचं कौतुक ऐकत पडून राहणं तुम्हाला सोपं वाटलं. मी गल्लीभर हसं करून घेत होते आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून, आता मला खात्री आहे, हसत होतात.

गाडीत तुमचा जीव होता हे मी बोलले, ते खोटं नव्हतं. मी ते मागे घेत नाही. जीव होता म्हणूनच आता ते इतकं लागतं. ज्या माणसाने लाल का हिरवं यात माझी मेथी सुकवली, त्याने स्वतःच्या हाताने त्या रेडिएटरमध्ये खारं पाणी ओतलं. पहिल्यांदा ओतताना तुमचा हात थांबला असेल. ते बघायला मी तिथे नव्हते.

रेडिएटर वाचलं नाही. रहीमभाईंनी एका भंगारातल्या गाडीचं बरं असलेलं काढून बसवलं, आतून पुन्हा पुन्हा धुतलं. मग विचारलं, भाभी, कूलंट कोणतं? माळ्यावरचा तुमचा हिरवा डबा मी बरोबर नेला होता. तो मी त्यांच्यापुढे ठेवला आणि परत उचलला. गाडीचं पुस्तक काढून दुकानात गेले. पोऱ्याने लाल डबा पुढे केला. मी चष्मा लावला आणि डबा उलटा करून मागचं वाचलं, दुसरा वाचला, तिसरा वाचला. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, खोळंबू दिली. पुस्तकातला प्रकार जुळला तो डबा घेतला. तयार कूलंट, पाणी घालायचं नाही असं लिहिलेलं. तुमचा आणि रहीमभाईंचा वाद मी त्यांच्या बाजूने मिटवला. तुम्हाला पटणार नाही, पण त्यात कोणी कुठलं पाणी घातलंय ते कंपनी बघेल. आपल्या गाडीला यापुढे आपल्या घराचं पाणी लागणार नाही, एवढं मला पुरे. तुमचा डबा रहीमभाईंना देऊन टाकला. त्यांनी तो फळीवर ठेवला, उघडला नाही.

जीप विकायची नाही, असं मी भाऊजींना सांगितलं. शुक्रवारी ती निघाली. मांजरीची पिल्लं काढून वर्षाने गादी झाडली. नामदेवबुवा मागे बसले, पार्वताबाईंना उचलून बसवलं. मी पुढे, तुमच्या जागी, काट्याकडे बघत. काटा मध्यावर येऊन थांबला आणि शेगावपर्यंत तिथून हलला नाही. पार्वताबाईंच्या पायाचं डॉक्टर काही चांगलं बोलले नाहीत. उशीर झाला म्हणाले, तरी चालू ठेवा म्हणाले. त्या आतमध्ये होत्या तेवढ्या वेळात मी दोन्ही कॅन घेऊन लॉजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, भाऊ गेले ते कळलं. नळ सोडून दिला. कॅनवरची तुमची अक्षरं बघून म्हणाला, गाडीचं पाणी का? मी हो म्हटलं. खोटं बोलायची वेळ आली होती आणि तुमचंच उत्तर कामी आलं.

घरी आलो. वर्षाने माठ धुऊन ठेवला होता. आम्ही दोघींनी कॅन धरून तो भरला.

आणखी एक राहिलंय, तेवढं बोलते. तुम्ही गेलात त्या जागी तेरवीपर्यंत दिवा होता आणि दिव्याजवळ तुमच्यासाठी पाण्याचा तांब्या. रोज सकाळी मी तो बदलत होते. हापशीवरून ताजं आणून, फडक्याने गाळून. मेल्यावरही मी तुम्हाला खारंच पाजलं, आणि मला ते कळलंही नाही.

आज तो तांब्या पुन्हा घासला. माठातून काठोकाठ भरला आणि तुमच्या खाटेच्या जागी ठेवला. गोडं आहे, शेगावचं आहे, मी चाखून बघितलंय. आता डॉक्टरांचं माप नाही, गाडीची वाटणी नाही. वर्षा इथेच बसली आहे, मी इथेच बसले आहे. तोंड इकडे वळवा आणि प्या.